जावयाच्या गाडीचे टायर

— अरे, त्याच्यावर नको बसूस जावईबापू, तो टायर आत्ताच पुसून ठेवलाय. इकडे ये, या पेटीवर बस. घाई कसली? गाडी दगडांवर टेकवलीय, चारी चाकं काढून झालीत, आता काही तू मला न सांगता गोबीच्या वाळवंटात पळून जाऊ शकत नाहीस. आणि आत गेरमध्ये, एवढ्याशा गोल तंबूत, जाऊन करणार काय? आत मायलेकी सामान बांधतायत. बायका सामान बांधत असताना पुरुष मध्ये गेला की एक तर त्याला कामाला लावतात, नाहीतर तोच सामानात जातो. चहा घे. गार झाला? मग गार पी, मीठ तेवढंच असतं त्यात. — तर आपण कुठे होतो? हां. तू म्हणालास, 'रुंद.' ऐकलं मी. सकाळपासून तू एवढा एकच शब्द बोललायस, तो मी विसरेन कसा? ही इकडची चळत रुंद टायरांची, ती तिकडची अरुंद. दोन्ही तुझ्या गाडीला बसतात. दोन्ही मीच मागवलेत, लग्नाची भेट म्हणून, तेव्हा पैशाचं तोंडातून काढायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं. पण पोरगी घेऊन कायमचा आईकडे वाळूत राहायला चाललायस, तर बोट दाखवायच्या आधी सासऱ्याचे दोन शब्द ऐकून घ्यायचे असतात. दोन म्हणायची आपली पद्धत. तू बस.

रुंद टायर वाईट असतो असं मी म्हणतोय का? नाही म्हणत. दिसायला तर काय, बघत राहावं. नादामच्या जत्रेत, कुस्तीच्या मैदानात पैलवान मांड्या फाकवून उतरतो ना, तशी गाडी छाती काढून उभी राहते. उन्हाळ्यात राजधानीतनं जे लोक येतात — तंबू, टोप्या, आणि छपरावर कधीही न वापरलेलं फावडं — त्या सगळ्यांना असलेच टायर लागतात. मग एका पावसात त्यातला निम्मा कळप नदीकाठच्या चिखलात बसलेला असतो आणि फावडं कुठल्या बाजूनं धरायचं हे मला विचारत असतो. — नाही, तू तसला नाहीस, माहीत आहे. तू वाळूतला माणूस. वाळूवर रुंद टायर तरंगतो, कबूल, शंभरदा कबूल. तुमच्या उंटाचा पाय बघ ना — पसरट, मऊ, जशी उशी. वाळूवर पडला की पसरतो, बुडत नाही. पण मला सांग, तोच उंट तू कधी चिखलात घातलायस? घातलायस ना? मग काय होतं? चारी पाय चार दिशांना, आणि तोंडावर असा भाव की हे सगळं तुमच्यामुळे झालं. आणि आमचा घोडा? एवढासा खूर. पण चिखल कापत खाली जातो, खाली टणक जमीन लागली की तिथून जोर घेतो आणि निघतो. अरुंद टायर म्हणजे घोड्याचा खूर, रुंद म्हणजे उंटाचा पाय. तुम्ही उंटवाले, आम्ही घोडेवाले. आता पोरगी घोडेवाल्यांची नेतोयस, तर टायर तरी — बरं, हसू नकोस. नाही, हस. सकाळपासून पहिल्यांदाच हसलायस, दात बरे आहेत तुझे.

आता ही नदी. काल येताना ओलांडलीस, पण सध्या पाणी गुडघ्याएवढं, त्यामुळे तिचा स्वभाव तुला कळलेला नाही. वर डोंगरात बर्फ वितळलं की ती अंगावर येते. तेव्हा रुंद टायर काय करतो? आडव्या फळीसारखा पाण्याला अडवतो, त्यात हवा भरलेली असतेच, गाडी हलकी होते, आणि मग चालक तू नसतोस, नदी असते. अरुंद टायर पाणी कापतो, तळाचे गोटे धरतो. — पण नदी सोड, खरी गोष्ट बर्फाची आहे. तुझ्या घराच्या आणि या घराच्या मध्ये दुसरं आहे काय? एक ती उलान खिंड. डांबरी रस्ता तिकडे फिरकत नाही, जायचं तर त्या खिंडीनंच. हिवाळ्यात तिथे ताजं बर्फ पडलं की तुझा रुंद टायर त्याच्यावर चढतो, वाळूसारखं तरंगायला बघतो, आणि खाली जुनं बर्फ असतं काचेसारखं — गाडी तोंड फिरवून परत माझ्याकडेच. अरुंद टायर तसा नाही. तो सरळ खाली जातो आणि गोठलेल्या मातीत दात रोवतो. मी ती खिंड भर हिवाळ्यात ओलांडलीय, वारा असा की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना, पण चाक एकदाही — काय? कुठली गाडी? सहकारी संस्थेचा जुना रशियन ट्रक. हो, मीच — म्हणजे स्टिअरिंगवर झांचिव होता. मी शेजारी. शेजारी कुणीतरी लागतोच ना, चालवणाऱ्याला झोप येऊ नये म्हणून बोलायला? झांचिव म्हणायचा, गोंचिग शेजारी असला की मेलेला ड्रायव्हरसुद्धा जागा राहील. — तुला दोलगूननं सांगितलेलं दिसतंय. बाबा ड्रायव्हर नव्हते, गाड्यांच्या आवारात कारकून होते, असंच ना? बरोबर आहे. कुठली गाडी कुठे गेली, किती तेल प्याली, कुठून कुठला टायर फाडून आली, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. ड्रायव्हर एक गाडी ओळखतो. कारकून सगळ्या ओळखतो, बसल्या जागेवरून. आणि घरी लवकर येतो.

काय म्हणालास? विहिरीकडे जाताना वाळूच्या टेकड्या आहेत? रोज जावं लागतं? हं. आईला पाणी आणायला रोज. बरं, त्यालाही उपाय आहे. हवा काढायची. अरुंद टायरची हवा कमी केली की तो लांबीला जमिनीवर जास्त टेकतो, लांब पाऊल पडतं. वाळूला लांब पाऊलही चालतं, पाऊल रुंदच पाहिजे असा काही तिचा हट्ट नसतो. जाताना हवा काढ, परत आलास की भर. पंप मी देतो. हो, हाताचा. हो, रोज. असं काय करतोस, तुझं नाव तुमुरखुयाग, लोखंडी चिलखत! आईबापानं एवढं जड नाव ठेवलंय, त्या नावाच्या माणसाला चार चाकांत हवा भरायला काय होतं? माझ्या पोरीचं बघ. दोलगून. म्हणजे शांत. नाव ठेवलं तेव्हा ती दुपट्यात गुंडाळून झोपलेली होती, आम्हाला काय कल्पना! — ऐकतोयस ना आतलं? 'हे नको, ते नको, आई तुला काही कळत नाही.' ही शांत. तुला अजून कमी ऐकायला मिळालंय, आत्तापर्यंत प्रांताच्या गावात राहत होतात, तिथे शेजाऱ्यांच्या भीतीनं ती दबून बोलायची. आता वाळूत शेजारी कुठला? मोकळा आवाज लागेल.

तुला वाटत असेल, म्हाताऱ्याची अरुंद चळत खपत नाहीये म्हणून गळ्यात मारतोय. तसं नाही. मला काय रे, मला रुंद काय आणि अरुंद काय. माझं नाहीच हे. सेवजिदचं आहे, तुझ्या सासूचं. तिनं बोलून दाखवलेलं नाही — ती बोलून दाखवत नाही, भांडी आपटते. आणि तुम्ही कायमचे चाललात हे कळल्यापासून भांडी फार आपटतायत. तिचं म्हणणं काय? म्हणजे भांड्यांवरून मला कळलेलं म्हणणं. की त्सगान सारला तुम्ही येणार कसे? नवं वर्ष ऐन थंडीत, खिंड तेव्हा पांढरीशुभ्र. लहानांनी मोठ्यांकडे जायचं आणि मोठ्यांनी नवा देल घालून, कमरेला पट्टा बांधून घरी बसायचं, ही रीत. मोठ्या माणसाला त्या दिवशी काम एकच, वाट बघणं. आमचा मुलगा कोरियात कारखान्यात, तुला माहीत आहे. तो फोनवर येतो. गेल्या वर्षी सेवजिदनं फोन कपाटावर उभा केला, समोर मटण भरलेल्या वाफाळत्या बुझची थाळी मांडली, आणि तो तिकडून म्हणतो, 'आई, मटणाचा वास येतोय.' फोनमध्ये वास जातो का? पण ही दिवसभर आल्यागेल्याला सांगत होती, वास गेला त्याला. मग त्यानं तिकडे दोन्ही हातांवर निळा रेशमी खदाग, मानाचा शेला, धरला आपल्या आईला द्यायला, आणि हिनं इकडून हात पुढे केले — कपाटाला लागले. तर मग उरलं कोण? दोलगून. ती आली की नव्या वर्षाच्या नमस्काराला दोन्ही हात आपल्या, मोठ्यांच्या, कोपरांखाली धरते. तसं सगळेच धरतात, तेवढी रीत सगळ्यांना येते, पण बाकीचे नुसते हात टेकवतात रे. ही उचलते. म्हणजे आपलं थोडं वजन घेते स्वतःवर. माझा हा डावा खांदा वर जात नाही, ते तिच्या लक्षात असतं, म्हणून त्या बाजूला ती जरा खाली वाकून — सेवजिदचं सांगत होतो मी. सेवजिदला वाईट वाटेल. माझं काय, मी दारात बसेन. गेरचं दार दक्षिणेला, खिंडही दक्षिणेला, वरून गाडी उतरायला लागली की दिवे इथून दिसतात. एखादा दिवा दिसला की बघत बसायचं, कुणाची गाडी ओळखायचा खेळ करायचा, वेळ बरा जातो. आणि ती आपली नसली तर नसली. पण तुझी गाडी असेल तर मला दिव्यांच्या अंतरावरून लांबूनच — असो. तेव्हा अरुंद घे. ऐक माझं.

मान का हलवतोस? हा होकार की नकार? गोबीत मान वेगळी हलवतात का? चहा खाली ठेव आणि तोंडानं बोल. — काय? मोठ्यानं. उंटिणी? उंटिणींचं काय? त्या दिवसांत वितात. हो, वितात, सगळ्यांना माहीत आहे, त्सगान सारच्या आगेमागेच त्या — हं. आणि आई एकटी. भाऊ शहरात गेला. पिल्लू बर्फात पडलं की गोठायच्या आत उचलून आडोशाला आणायचं, आणि तुझ्या आईच्या गुडघ्यांनी ते आता होत नाही. म्हणूनच तर चाललायस तू. थांब, थांब. म्हणजे खिंड मोकळी असली तरी तुम्ही येणार नाही? बर्फाचा कण नसला तरी? कुठलाही टायर लावला तरी? विमानाची चाकं लावली तरी?

मग हे सकाळी नाही सांगता आलं? मी इथे उंट काढला, घोडा काढला, झांचिवला पार परलोकातून आणून स्टिअरिंगवर बसवला, आणि तू चहा पीत बसलास! काय? सासऱ्याला उलटून बोलू नये? कुणी सांगितलं, दोलगूननं? तुझ्या आईनं. 'ते जे देतील ते दोन्ही हातांनी घे, आणि हो म्हण.' आणि तू 'रुंद' म्हणालास तेच तुला उद्धटपणाचं वाटायला लागलं होतं. कमाल आहे. म्हणजे तू अरुंद घेऊन गेला असतास. माझा मान राखायला. रोज विहिरीच्या वाटेवर हवा काढ, हवा भर, हवा काढ, हवा भर — आणि त्सगान सारला मी इथे नवा देल घालून दारात, टायर चांगले दिलेत म्हणजे येतीलच असं धरून. फार चांगली माणसं आहात तुम्ही. चांगल्या माणसांचा मला फार त्रास होतो. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

...

दे तो इकडे. तो नाही, रुंद दे. रुंद, रुंद, उंटाचा पाय. आणि ती साबणाच्या पाण्याची बादली सरकव, कडा ओल्या केल्या की रिमवर लवकर बसतो. धर इथे. पायानं दाब. आता मी लिव्हर फिरवतो — जोर लाव रे, लोखंडी चिलखत! — हां. बसला. बघ कसा बसला, जसा काही याच गाडीचा जन्माचा. सेवजिद मघाशी दोनदा दार सारून बघून गेली, एवढा वेळ कशाला लागतोय म्हणून. तिला काय सांगू? चाकं काढायला मला थोडाच वेळ लागला, तू पाहिलंस. बसवायला घेतलीच नव्हती मी. काढलेली चाकं असली की गाडी आपली जागेवर असते, बाकी काही नाही. दुसरा दे.

ते अरुंद तिथेच राहू देत. नाही, परत नाही पाठवायचे. शेडमागे ताडपत्री पाहिलीस? ताडपत्रीखाली काय वाटलं तुला, चुलीसाठी गोवऱ्या? जीप आहे. रशियन. संस्था मोडली तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. कुणी मेंढ्या नेल्या, कुणी ट्रक नेला, कारकुनाच्या वाट्याला ही आली, कारण ही सुरू होत नव्हती. आता होते. दुकानापर्यंत नेतो मी तिला, उन्हाळ्यात, आणि परतही आणतो. सेवजिद बसत नाही. ती म्हणते, चालत गेलं तर लवकर पोचते आणि दातही जागेवर राहतात. तर हे अरुंद हिला बसतील. अगदी बसतील. — असा बघू नकोस माझ्याकडे. मोठ्यांनी लहानांकडे जायची रीत नाही, मला नको शिकवूस, माझ्याच तोंडून आत्ता ऐकलीस. हसतील लोक. गोंचिग म्हातारा नव्या वर्षाला मुलीच्या दारात गेला, घरी कुणी येईना म्हणून! हसू देत. हसणाऱ्या सगळ्यांची पंक्चरं दुरुस्तीला माझ्याच शेडमध्ये येतात, मला त्यांचे टायर माहीत आहेत.

तुझ्या आईला विचारून बघ. नाही — विचारू नकोस, सांगच. सांग की दोन पाहुणे येतील, त्यातला एक फार बोलतो. त्यांना चालेल? एकट्या असतात, म्हणजे चालेल. पिल्लू उचलायला मला येतं का? नाही येत. पण कंदील धरता येतो, आणि कंदील धरून बाजूला बोलत उभं राहणं यात तर मी मुरलेला माणूस आहे. आणि खिंड मी स्वतः चालवत कधी ओलांडलेली नाही, ते आता तुला ठाऊकच झालंय, दोलगूनला नव्यानं सांगायची गरज नाही. ती लगेच 'बाबा, तुम्ही नका येऊ' म्हणून सुरू होईल, आणि ती एकदा सुरू झाली की माझ्या अंगातला सगळा ड्रायव्हर उतरून जाईल. तिला काही बोलू नकोस. तुला तर न बोलायची सवय आहेच. शेवटचं चाक दे. नट समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाही — तुला माहीत आहे? मग माहीत आहे तर सांगायचं ना, मी आपला शिकवतोय!

चला. काढ ते दगड. आली बघ दोलगून, पोतं घे तिच्या हातातलं. आणि सेवजिद दुधाचं भांडं घेऊन उभी आहे, वाट सुखाची व्हावी म्हणून चाकांमागे शिंपडायला. ती रडत नाहीये, तिला वारा लागतो डोळ्यांना. बस, बस आत. — काय? हळू बोल, ती ऐकेल. कधी येणार म्हणजे? कुठल्या दिवशी निघणार, कधीपर्यंत पोचणार? — अरे! एवढा वाळूतला माणूस तू आणि हे विचारतोस? निघणाऱ्याला कधी पोचणार असं विचारतात का? वाट ऐकत असते. कुणी असं विचारलं की झांचिव इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि विचारणारा नजरेआड होईपर्यंत परत चढायचा नाही. ड्रायव्हरला असं विचारायचं नसतं, जावईबापू. — चल, नीघ.